ताटात राहिलेला पटका

त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. गुढ्या उतरल्या होत्या, चैत सुरू झाला होता. सकाळी जरा बरी वाटणारी हवा बघता बघता तापली आणि दुपारपर्यंत ऊन असं चढलं की रस्त्याचं डांबर मऊ पडलं. वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. असल्या उन्हाचं आपल्याकडं कुणाला काही वाटत नाही. परभणीकडचा चैत असाच असतो. पण आमच्या आश्रुबांसाठी त्या दिवशीचं ऊन म्हणजे विस्तव होता.

मी बोलतोय, मी एक पटका आहे. पांढरा, सुती, चांगला आठ-नऊ हात लांब. पटका कशासाठी असतो हे तुम्हाला मी काय सांगावं? डोक्याला बांधण्यासाठी असतो. पण माझी बरीच जिंदगी डोक्याविना गेली. तेच सांगायचंय. मला घाई नाही. सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

माझा कापूस कुणाच्या रानातला ते मला ठाऊक नाही. मानवतच्या बाजारातून गाठींचे ट्रक भरून जातात, त्यातल्याच एखाद्या गाठीत मी असेन. मग माझं सूत झालं, ते मागावर चढलं, खळ लागली, घडी पडली, आणि मी गंगाखेडच्या एका दुकानात फळीवर येऊन बसलो. माझ्या शेजारी रंगीत फेटे होते. भगवे, गुलाबी, जरीच्या काठाचे. लग्नसराई आली की ते खाली उतरायचे, लोकांच्या हातात खेळायचे, हसतखेळत निघून जायचे. मी तिथंच.

एक दिवस एक माणूस आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. म्हणाला, "पांढरा पटका द्या."

दुकानदारानं रंगीत फेटेवाल्यांशी जेवढ्या गप्पा मारल्या असत्या त्यातली एकही मारली नाही. मला हळूच काढलं, घडी न मोडता कागदात गुंडाळलं. पांढरा पटका मागणाऱ्याला कुणी 'आणखी काय दाखवू' असं विचारत नाही. तेव्हाच मला कळलं की मी दुखवट्याचा आहे.

त्या माणसाचं नाव चंद्रभान. त्याची मोठी बहीण चतुराबाई वारली होती. ती येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला एका गावात दिलेली. तिला लेकरूबाळ नव्हतं, म्हणून नवऱ्यानंच अग्नी दिला होता. तो नवरा म्हणजे आश्रुबा.

रीत अशी आहे, बघा. ज्यानं अग्नी दिला त्याचं डोकं भादरतात. डोक्यावर काही घालायचं नाही. मग तेरवीला सासरवाडीचा माणूस, म्हणजे बायकोचा भाऊ, नवा पटका घेऊन येतो आणि सगळ्यांच्या समोर आपल्या हातानं बांधतो. तो बांधला की दुखवटा फिटला. मग माणसानं लग्नाला जावं, गोड खावं, चारचौघांत बसावं. आपला आपण बांधून चालत नाही. दुःख आपलं आपल्याला उतरवता येत नसतं, दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

तेरवीच्या दिवशी मला एका ताटात ठेवलं. वर हळदीकुंकू. समोर पाटावर आश्रुबा बसलेले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

आश्रुबा जन्मानंच पांढरे आहेत. नुसते गोरे नव्हेत. कातडी पांढरी, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. डोळ्यांना उजेड सोसत नाही, सारखे मिचकावतात. आईबाप काळेसावळे, आणि हे असे. गावानं लहानपणीच त्यांचं नाव 'सायेब' ठेवून टाकलं. ऊन लागलं की त्यांची कातडी भाजते, सोलते. चतुराबाई होत्या तोवर त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून मानेपर्यंत पटक्यात गुंडाळूनच रानात धाडलं. तो जुना पटका त्यांच्याच संगं गेला. आश्रुबांनी तिरडीवर त्यांच्या अंगावर घातला. मी चतुराबाईंना पाहिलं नाही, हे सगळं ऐकलेलं.

तर चंद्रभाननं मला ताटातून उचललं. घडी मोडली. आश्रुबांच्या डोक्याकडं हात नेला आणि हात तिथंच थांबला.

भादरल्यामुळं डोकं उघडं पडलं होतं. त्याच्यावर खरबरीत डाग होते. काही लालसर, काही खपलीचे, कानाच्या वरच्या अंगाला तर एक जाड, कडक, वाळूच्या कागदासारखा. न्हाव्याचा वस्तरा लागून त्यातून रक्त आलेलं.

चंद्रभाननं मला परत ताटात ठेवलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुमचं तुमी घ्या बांधून. माझ्या घरी लहान लेकरं हायत."

कुणी खोकललं. कुणी जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागलं.

आश्रुबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, चंद्रभान. तुमी जेवून जावा."

तो जेवला. मान खाली घालून जेवला. मी त्याला नावं ठेवत नाही. तो बहिणीसाठी रडलाही होता. पण भ्याला.

आश्रुबांनी मला ताटासकट आत नेलं आणि ट्रंकेत चतुराबाईंच्या लुगड्यांवर ठेवलं. झाकण लागलं.

आधी दुकानातही मी एकटाच होतो. पण तिथं निदान लोकांची ये-जा दिसायची. ट्रंकेत अंधार. डांबराच्या गोळीचा वास. कधी झाकण उघडायचं, आश्रुबांचा हात आत यायचा, लुगड्याच्या काठावरून फिरायचा. मला वाटायचं, आज मला उचलतील. बोटं माझ्याजवळ येऊन थांबायची. मग परत झाकण.

बाहेरचं मला आवाजावरून कळायचं. आश्रुबा बकऱ्यांशी बोलायचे. दोन बकऱ्या, दोन्ही चतुराबाईंनी पाळलेल्या. "चल गं माय, तुला पाला देतो. तू तरी खा." माणसांशी बोलणं कमीच. एखादा वाटेवरून ओरडायचा, "ओ सायेब, विलायतेला कवा निघायलाय?" आश्रुबा हसायचे. "पासपोट काढायलोय," म्हणायचे. तेवढंच.

लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, "माझा दुखवटा हाय अजून." लोक सुरुवातीला म्हणाले, अहो, कुणी तरी बांधून टाका की. पण 'कुणी तरी' म्हणणाऱ्यातला एकही पुढं झाला नाही. मेव्हण्याचा मान आपण कसा घ्यायचा, म्हणाले. मी पाहिलंय, माणसाला भीती वाटली की त्याला रीत आठवते.

असे तीन उन्हाळे गेले. बोडक्या डोक्यानं आश्रुबा धरणाच्या उतारावर बकऱ्या चारत राहिले. टोपी नाही, पंचा नाही, साधी दस्तीसुद्धा डोक्यावर टाकली नाही. हट्ट म्हणा, नाही तर दुसरं काही म्हणा. मला वाटतं, झाक म्हणणारं घरात कुणी नव्हतं, हेच खरं.

शेजारी कुसुमबाई राहतात. भाजी विकतात, जिंतूरच्या बाजारात बसतात. तोंडानं फटकळ. चतुराबाईंशी त्यांचं लय जमायचं, एकीच्या चुलीवरची भाकर दुसरीच्या ताटात जायची. तेरवीच्या दिवशी मात्र त्याही गप्प बसल्या होत्या. मी ताटातून बघत होतो ना.

एकदा त्या आश्रुबांची गोधडी धुवायला घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या.

"ओ भाऊ, उशाकडं रक्त कशाचं?"

"डास मारला असंल."

"डास व्हता का बैल? एवढं रक्त! वाका इकडं. वाका म्हणते ना."

आश्रुबा वाकले असावेत. कुसुमबाईंच्या बांगड्या वाजल्या. मग म्हणाल्या, "उद्या जिंतूरला दवाखान्याचा कॅम्प हाय. तुमी यायलाय. मी इचारत न्हाई, सांगते."

कॅम्पात परभणीहून कातडीच्या डॉक्टर आल्या होत्या, वैदेही मॅडम. त्यांनी भिंग लावून डोकं बघितलं, जाड डागाचा इवलासा तुकडा तपासायला काढला, आणि काही दिवसांनी परभणीला बोलावलं. तिथून आल्यावर कुसुमबाईंनी सगळं आमच्या ओसरीवर बसून पुन्हा सांगितलं. आश्रुबांना सांगत होत्या की स्वतःला, कुणास ठाऊक. मला तिथूनच कळलं.

हा लागणारा रोग नाही. कुणाला शिवून होत नाही, कधीच नव्हता. जन्मभराच्या उन्हानं कातडी आतून बिघडली आहे. अजून कर्करोग नाही, पण असंच सोडलं तर यातला एखादा डाग त्या वाटेला लागू शकतो. आता इलाज होतो. डोक्याला मलम लावायचं, मग त्याच्यावर लाल उजेड सोडायचा. बिघडलेली कातडी तेवढी मरते, चांगली राहते.

आश्रुबांनी म्हणे मॅडमना विचारलं होतं, "उजेडानं बरं व्हायचं तर मी लय ऊन खाल्लंय की, बाई. मग बरा का न्हाई झालो?"

मॅडम हसल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, ऊन सगळ्यालाच जाळतं. हा उजेड मलम जिथं मुरलंय तिथंच काम करतो. पण एक ऐका. उजेड दिल्यावर दोन दिवस उन्हाचा कवडसाही डोक्यावर पडता कामा नये. आणि त्यानंतर जन्मभर डोकं झाकायचं. नाही झाकलं तर माझी मेहनत वाया, आणि पुढच्या वेळी मला कातर घ्यावी लागेल. येताना एक धुतलेला पांढरा सुती कपडा आणा."

धुतलेला, सुती, पांढरा. घरात दुसरं होतंच काय? कुसुमबाईंनी ट्रंक उघडली.

आश्रुबा पटकन म्हणाले, "त्यो न्हाई. त्यो दुखवट्याचा हाय."

"कपडा हाय. कपडा म्हणून घेते. पटका म्हणून न्हाई."

त्यांनी मला धुतलं. किती वर्षांची खळ पाण्यात गेली. दोरीवर वाळताना मी पहिल्यांदा त्या घराचं अंगण बघितलं. बोरीचं झाड, बकऱ्यांचं दावं, रिकामी बाज. कुसुमबाईंनी तिथंच उभं राहून चंद्रभानला फोन लावला. "मॅडम म्हणायल्यात लागणारं न्हाई. तुमी या अन् बांधा. मान तुमचा हाय." तिकडून तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. कुसुमबाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "कारखान्याला ऊस घालायचाय म्हणं."

आणि मग तो दिवस उजाडला. पिशवीत बसून एस.टी.नं मी परभणीला गेलो.

दवाखान्याची खोली गार होती. मी आश्रुबांच्या मांडीवर. मॅडमनी डागांवरच्या खपल्या हळूच खरवडल्या, मलम लावलं, आणि वरून चंदेरी कागद गुंडाळला, उजेड लागू नये म्हणून. तीन तास तसंच बसायचं होतं. खरं सांगतो, मला त्या कागदाचा हेवा वाटला. कालचा कागद, आणि त्याला डोकं मिळालं. मी जवळच, घडी घातलेला.

आश्रुबांची बोटं माझ्या काठाशी चाळा करत होती. ते कुसुमबाईंना म्हणाले, "चतुराला हे दाखवाया पायजे व्हतं. चांदीचं टोपरं घातलंय मला."

"नवरदेव दिसायलाय," कुसुमबाई म्हणाल्या. "निस्ती घोडी न्हाई."

मग कागद निघाला. डोळ्यांवर काळा चष्मा चढला. लाल दिवा लागला. सगळी खोली जास्वंदीसारखी झाली, मी सुद्धा लाल दिसायला लागलो. थोडा वेळ काही नाही. मग आश्रुबांच्या मुठी वळल्या, आणि मुठीत मी होतो.

"चटका बसतोय का, बाबा?" मॅडमनी पंख्याचा झोत डोक्यावर वळवला.

"मिरची वाटायलीय कुनी तरी डोक्यावर." थांबून म्हणाले, "वाटू द्या."

ते ओरडले नाहीत. मला मात्र त्यांनी असं पिळलं की माझ्या अंगावरच्या चुण्या अजून गेल्या नाहीत. मला वाईट वाटलं नाही. एवढ्या वर्षांत मला कुणी एवढं घट्ट धरलं नव्हतं.

दिवा विझला तेव्हा डोकं लालबुंद झालेलं. मॅडम म्हणाल्या, "सैल बांधा कपडा. आणि ऊन उतरेपर्यंत इथंच बसा."

पण गावाला जाणारी गाडी दुपारचीच. आणि बकऱ्या सकाळपासून बांधलेल्या, पाणी दाखवायला कुणी नाही. आश्रुबा उठलेच.

दाराशी कुसुमबाई म्हणाल्या, "बांधा की आता."

आश्रुबांनी मला उलगडलं, दोन्ही हातांत धरलं आणि डोक्याच्या वर ताणून धरलं, मांडवाचं कापड धरतात तसं. बांधलं नाही.

"भाऊ, हे काय येड्यावानी?"

"सावली झाली की. मॅडमनं झाक म्हणलं, झाकलं. बांधायचा मान माझा न्हाई."

एस.टी.त लोक वळून वळून बघत होते. खिडकीतून ऊन यायचं, आश्रुबा हात तिकडं वळवायचे. एक जण म्हणाला, "बाबा, कुणाचा सत्कार हाय?" सगळे हसले. आश्रुबाही हसले. त्यांचे दंड मात्र थरथरायला लागले होते.

फाट्यावर उतरलो. तिथून गाव चांगलं लांब, आणि रस्त्याला एक झाड नाही, रुंदीकरणात सगळी गेली. माणूस नाही, कुत्रं नाही. ते चालत होते, मी त्यांच्या डोक्यावर ताणलेला. थोडं गेलं की एक हात खाली यायचा, मी तिरका व्हायचो, ऊन आत शिरायचं आणि आश्रुबा दातावर दात दाबायचे. मी अंग पसरायला बघत होतो, पण कापडाला स्वतःचं बळ कुठलं?

ओढ्याच्या पुलाजवळ त्यांचे हात सुटले. मी खांद्यावरून घसरून धुळीत पडलो. ते उघड्या, सोललेल्या डोक्यानिशी कठड्यावर बसले. तळहातांनी डोकं झाकू पाहत होते, पण हात लागला की आग व्हायची. "कुसुमबाई," ते म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. बकऱ्याला पानी दाखवा. मी बसतो हितंच. कुनी वाट बघनारं न्हाई माझी."

कुसुमबाई उभ्या राहिल्या. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग पिशवी खाली ठेवली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, मला उचलून झटकलं.

"चतुरा मला काय म्हणायची?"

"काय म्हनायची?"

"बहीण म्हणायची. पाठची बहीण. मग मी तुमची कोण?"

आश्रुबा मिचमिच्या डोळ्यांनी बघत राहिले.

"मेहुणी! भावाला जमंना, बहीण आली. मान माहेरचा हाय, त्यो माहेरानंच घेतला. वाका, दाजी."

इतकी वर्षं त्या त्यांना भाऊ म्हणत आल्या होत्या. 'दाजी' ऐकून आश्रुबांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही.

"बाईमानसानं पटका बांधायचा?" ते हळूच म्हणाले.

"जलमभर नऊवारी नेसायलेय मी. हे एवढंसं फडकं मला जड हाय व्हय? वाका."

आणि मी बांधला गेलो. पहिला वेढा कपाळावरून, दुसरा कानांवरून, तिसरा मानेवर सैल सोडलेला. खोटं कशाला सांगू, कुसुमबाईही भीत होत्या. जाड डागाजवळ बोटं अडखळली. पण हात थांबले नाहीत. माझ्याखाली गरम, खरबरीत, मलमाच्या वासाचं डोकं होतं. खरं डोकं. मी एवढी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते असं असेल, असं मला वाटलं नव्हतं. आत कुठं तरी एक शीर उडत होती, तिचे ठोके मला लागत होते.

शेवटचा पदर खोचून, उरलेलं मोकळं टोक, म्हणजे सोगा, खांद्यावर सोडून झाल्यावर कुसुमबाई एक बोलल्या. ते शेवटी सांगतो. आधी आजचं सांगून टाकतो.

आज आश्रुबांचं डोकं पुष्कळ बरं आहे. उजेड दिल्यावर आठवडाभर कातडी सोलली, खपल्या पडल्या, मग खालून नवी आली, गुलाबी, लेकरासारखी. कानाजवळचा जाड डाग पुरता गेला नाही. त्याच्यासाठी पुन्हा एकदा जायचं आहे. काय होईल ते मॅडमही आत्ताच सांगत नाहीत. चंद्रभान अजून आलेला नाही. रोज सकाळी आश्रुबा मला आपल्या हातानं बांधतात, कानावरून, मानेवरून, कुसुमबाईंनी बांधला तसा. आणि दिवसभर आम्ही दोघं उतारावर बकऱ्यांमागं असतो. लोक अजूनही फार जवळ येत नाहीत. मी विटलोय, काठाच्या दशा निघाल्यात. एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. पण एकटेपणाला आता डोकं आहे.

तुमच्याकडं एवढंच मागणं. कुणाच्या कातडीवर असा खरबरीत डाग दिसला, जो बरा होता होत नाही, तर त्याला दवाखाना दाखवा. आणि त्याला शिवायला भिऊ नका. ताटात ठेवून उठू नका.

आता शेवटचं. पुलाच्या कठड्यावर आश्रुबा बसलेले, मी त्यांच्या डोक्यावर, आणि त्यांचे खांदे हलायला लागलेले. चतुराबाई गेल्यापासून त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. कुसुमबाईंनी पिशवी उचलली, दुसरीकडं तोंड केलं आणि म्हणाल्या:

"सोगा मुद्दाम लांब ठिवलाय, दाजी. पुसा डोळे. कुनी इचारलं तर म्हणा, ऊन लागायलंय."